अम्माचं माप

मद्रास, नुंगंबाक्कम
८ जुलै १९६३

चि. जयतीर्थ यास,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. पोचले तर ठीक. नाही पोचले तर मी पोस्टात चौकशी करायला जाणार नाही.

इतक्या वर्षांनी तुला पत्र लिहायचं कारण तुझं ते सदर. आमच्या शेजारी विमलाबाई म्हणून नागपूरकडच्या बाई राहायला आल्या आहेत. त्यांचे यजमान दत्तोपंत इथे रेल्वेच्या हिशेबखात्यात आहेत. पुण्याहून त्यांच्याकडे तुझं मासिक येतं. बाई एक दिवस अंक हातात घेऊन धावतच आल्या. "अहो महालक्ष्मीबाई, तुमचे बंधू किती छान लिहितात हो, आणि तुम्ही कधी बोलला नाहीत." मी म्हटलं, बोलण्यासारखं काही नव्हतं. त्यांना तो विनय वाटला.

तर तुझं 'राहतं घर' मी पहिल्यापासून वाचलं. कॉफीच्या फिल्टरवरचा लेख वाचला. थेंब थेंब गळणाऱ्या डिकॉक्शनने म्हणे तुला संयम शिकवला, आणि पितळेच्या त्या दोन मजली भांड्याइतकी नेटकी रचना तू परदेशी वस्तूंतही पाहिली नाहीस. जया, तू तो माणूस आहेस जो चमच्याने फिल्टरच्या डोक्यावर ठोकत बसायचा. एकदा तर तू वरचं झाकण काढून फुंकर मारलीस आणि सगळी पूड अप्पांच्या धुतलेल्या धोतरावर उडाली. ते धोतर मी धुतलं. तुझ्या लेखात धोतर नाही.

तंजावरी मराठीवरचाही वाचला. आम्ही 'मला'ऐवजी 'मज' म्हणतो, सांबाराला आपलं समजतो, तमिळ हेल काढतो, हे पुण्याच्या वाचकांना फार गमतीचं वाटलं असेल. विमलाबाई हसल्या, मग माझ्याकडे बघून थांबल्या. हे पत्र मी तुमच्या मराठीत लिहिते आहे. शाळेत मुलींना हिंदी शिकवते, देवनागरी गिरवण्यात माझा जन्म चालला आहे, तेव्हा तुमची भाषा काही मला जड नाही. घरी मात्र आम्ही 'मज'च म्हणतो आणि आमचं काही अडत नाही.

अप्पांची नजर आता बरीच गेली आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि डॉक्टर म्हणतात अजून पिकू द्या. लेख मी त्यांना वाचून दाखवते. ते दारासमोर बसून ऐकतात आणि मान हलवतात. धोतराची गोष्ट त्यांना आठवली आणि ते हसले. तू ती लिहिली नव्हतीस, मी वाचताना मध्ये घातली. तुझ्या लिखाणात जिथे जिथे भोकं असतात तिथे मला काहीतरी घालावंच लागतं.

एवढंच सांगायला हे पत्र. फिल्टरवर लिही, पंख्यावर लिही, आमच्या बोलीवर लिहून चार लोकांना हसव. अम्मावर लिहू नकोस. गेल्या अंकात शेवटी तू तिला 'आई' म्हटलं आहेस. जन्मभर तिला अम्मा म्हणालास. ती गेल्यावर तिचं नाव बदलायचा अधिकार तुला कुणी दिला?

अक्का


२३ सप्टेंबर १९६३

जयतीर्थ,

तुझं कार्ड मिळालं. माझ्या एवढ्या मोठ्या पत्राला सात ओळींचं उत्तर, आणि त्यांतल्या पाच ओळी कामाच्या. तू अजिबात बदलला नाहीस हे पाहून बरं वाटलं असं मी म्हणणार नव्हते, पण थोडं वाटलं. ज्याच्यावर रागवायचं तो माणूस आपल्या जागी सापडला तर राग नीट लागतो.

तर तुझा कोणी छायाचित्रकार मित्र डिसेंबरात मद्रासला येणार, आणि तो आपल्या घराचे फोटो काढणार. लेखांचं पुस्तक निघतं आहे. तेव्हा पश्चिमेच्या काचांवरची नारळाची झापं एका दिवसापुरती काढून ठेवावी, दारासमोरचं 'ते विटांचं काम' कापडाने झाकता आलं तर झाकावं, आणि स्वयंपाकघरातला ओटा मोकळा करून ठेवावा. ओट्यावर डबे नकोत. रेषा दिसली पाहिजे.

रेषा दिसावी म्हणून आम्ही या घरात किती वर्षं काय भोगलं ते आधी ऐक.

तंजावरचं घर विकून अप्पांनी तुला ही जागा आणि आर्किटेक्ट म्हणून तुझं पहिलं काम दिलं. तू पश्चिमेची अख्खी भिंत काचेची केलीस, कारण तुझ्या पुस्तकात तसं घर होतं. ते पुस्तक कुठल्यातरी थंड देशातलं होतं. अग्निनक्षत्राच्या, म्हणजे मे महिन्यातल्या ऐन काहिलीच्या दिवसांत इथे दुपारी दोनला हॉलमध्ये बसलं की डोकं तापतं. पहिल्या उन्हाळ्यात अप्पा ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसायचे आणि कुणी विचारलं तर सांगायचे, "नवी डिझैन अहे. उजेड फार येतो." दुसऱ्या उन्हाळ्यात मी माणूस बोलावून झापं बांधून घेतली. दरवर्षी नवी बांधते. घर कोंबडीच्या खुराड्यासारखं दिसतं हे मला ठाऊक आहे. आत माणसं जगतात.

'ते विटांचं काम' म्हणजे तिण्णै आहे. बसायची जागा. तंजावरला दारासमोर होती, शेजाऱ्यापाजाऱ्यांची होती, इथे तू ती काढून टाकलीस. तुझ्या म्हणण्याप्रमाणे घराचा दर्शनी भाग कोरा हवा. अप्पा काय करायचे माहीत आहे? संध्याकाळी फाटकाबाहेर गटाराच्या कठड्यावर जाऊन बसायचे. रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसातला हेड ड्राफ्ट्समन, गटारावर. येणारे-जाणारे नमस्कार करायचे आणि ते उठून उभे राहायचे, कारण गटारावर बसून नमस्कार घेणं त्यांना बरं वाटायचं नाही. मग मी राममूर्ती मेस्त्रीला बोलावलं आणि विटांची तिण्णै बांधून घेतली. कुरूप आहे. तिच्यावर बसूनच ते तुझे लेख ऐकतात.

मी यातलं काही काढणार नाही आणि झाकणारही नाही. तुझ्या मित्राला सांग, फोटो हवा असेल तर झापांसकट, तिण्णैसकट आणि तिच्यावर बसलेल्या माणसासकट.

पुण्यात एका सहकारी वसाहतीने तुझा उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा पसंत केला आणि दीडशे बिऱ्हाडांत तसाच बांधणार, हेही तू लिहिलंस. अभिनंदन हवं होतं का? त्या ओट्यावर तुझा लेख दिवाळी अंकात येतो आहे म्हणतोस. मी तुला जुलैत एकच गोष्ट मागितली होती. ती लक्षात ठेव.

अक्का


२२ नोव्हेंबर १९६३

जयतीर्थ,

दिवाळी अंक आला. विमलाबाईंनी फराळाच्या ताटाबरोबर आणून दिला.

'आईला मी उभं केलं.' हे नाव तू दिलंस की संपादकाने? संपादकाने दिलं असेल तर निदान तुला लाज वाटायला जागा आहे.

मी तुझीच वाक्यं तुला परत वाचून दाखवते, म्हणजे छापलेली वाक्यं कशी दिसतात ते कळेल. 'पिढ्यान्‌पिढ्या आपल्या आया जमिनीवर बसून, धुरात वाकून, चुलीपुढे म्हाताऱ्या झाल्या. मी ठरवलं, माझी आई उभी राहील. मी टेप घेऊन तिच्यापुढे उभा राहिलो. तिच्या कोपराखाली चार बोटं, तीच ओट्याची उंची. जगातल्या कुठल्याही पुस्तकातून नव्हे, आईच्या देहावरून मी ते माप घेतलं. चौतीस इंच.' आणि पुढे, 'सुटीत घरी गेलो की आई माझ्याजवळ येऊन निवांत बसे. माझ्या ओट्याने तिला तो मोकळा वेळ दिला होता.'

तू टेप घेऊन आलास हे खरं आहे. सकाळची वेळ होती. अम्मा मडीत होती. तुझे पुण्याचे वाचक 'सोवळ्यात' म्हणतील. न्हाऊन, वेगळं वाळवलेलं लुगडं नेसून ती स्वयंपाकाला लागलेली, आणि तू बाहेरच्या पँटीत, हातात कापडाची टेप. तिने तुला उंबऱ्याबाहेरच थांबवलं.

"मज शिवूं नको रे. मी मडींत अहे."

"अम्मा, एक मिनिटाचं काम अहे. माप घ्यायचें."

"मग लक्ष्मीचें घे की. ती उभी अहे बघ, तिची मडी नाहीं."

आणि तू माझं माप घेतलंस. माझ्या कोपराखाली चार बोटं. मी म्हणाले, "जया, अम्मा माझ्या खांद्याला लागत नाही." तू टेप गुंडाळत म्हणालास, "फरक तो कितीसा." दुपारी चारला तिची मडी सुटायची. तेव्हा घेतलं असतंस तर तिने हसत हसत उभं राहून दिलं असतं. चारला तू मित्रांबरोबर सिनेमाला होतास.

अम्माच्या अंगाला तुझी टेप कधी लागली नाही. चौतीस इंच माझे आहेत.

आणि ओट्याच्या वर शेगडी ठेवायची असते हे तरी तुला माहीत होतं का? तुझ्या पुस्तकातल्या बाईची शेगडी ओट्यात बसवलेली होती. आमची कोळशाची शेगडी ओट्यावर, तिच्यावर पातेलं, म्हणजे आणखी दीड वीत उंच. मी उंच म्हणून मला जमतं. अम्माला पातेल्यात डोकावता यायचं नाही. सांबाराला उकळी आली की नाही हे ती वासावरून ओळखायची.

मला तुझा इतका राग आला आहे की हे पत्र मी तीनदा फाडलं. मला आता तुझ्याकडून गोड शब्द नकोत. दोन गोष्टी हव्यात. पुढच्या अंकात छाप, की ते माप आईचं नव्हतं. आणि त्या वसाहतीत गवंडी लागायच्या आधी एकेका बाईला विचार, तिचं कोपर कुठे येतं. दीडशे बायकांना माझं माप नेसवू नकोस.

अक्का

अप्पांना मी सांगितलं आहे की दिवाळी अंक अजून आला नाही.


९ जानेवारी १९६४

जयतीर्थ,

या वेळी तू लांबलचक पत्र लिहिलंस. टंकलेखनयंत्रावर. बहिणीला.

तू लिहितोस की माप कुणाचं घेतलं हा तपशील गौण आहे, भावना खरी होती. लिहितोस की चौतीस इंच हे सरासरी भारतीय स्त्रीला योग्यच आहे, त्यावर अभ्यास झालेले आहेत. लिहितोस की वसाहतीचे नकाशे मंजूर झाले, आता उंची बदलणं शक्य नाही. आणि शेवटी, 'आई तीन वर्षं त्या ओट्यावर आनंदाने स्वयंपाक करत होती. तिने एकदा तरी तक्रार केली का?'

हा प्रश्न तू विचारायला नको होतास. मी तिला शब्द दिला होता. आज तो मोडते, आणि त्याचं पाप तुझ्या नावावर लिहिते.

ती पाटावर उभी राहायची. जेवायला बसायचा सागवानी पाट, पितळेच्या फुल्या मारलेला, तंजावरहून आणलेला. त्यावर चढून स्वयंपाक करायची. भाजी चिरायला खाली उतरायची, फोडणीला वर चढायची. दिवसभर उतर आणि चढ. मी म्हटलं, आपण जयाला कळवू या. ती म्हणाली, "नको. सांगूं नको त्यास. पावम्, बिचारा, एवढ्या हौसेनें बांधलें पोरानें." तू सुटीला आलास की पाट तांदळाच्या पिंपामागे जायचा आणि स्वयंपाक माझ्याकडे यायचा. ती तुझ्याजवळ येऊन बसायची, कारण तुझ्यासमोर तिला पाटावर चढायचं नव्हतं. तो तुझा 'मोकळा वेळ'.

मार्गळीतली, पोंगलच्या आधीच्या थंडीच्या महिन्यातली सकाळ होती. हात ओले, पाय ओले, रसमचं पातेलं उतरवायला ती वळली आणि पाट सरकला. पुढचं तुला माहीत आहे. खुबा मोडला, ती उठली नाही, पोंगल झाल्यावर गेली. मी धावत आत गेले तेव्हा तिचं पहिलं वाक्य काय होतं ते ऐक. "पाट उचलून ठेव. अप्पा येतील." मग म्हणाली, "विचारलें तर फरशी ओली होती म्हण."

मी तसं म्हटलं. डॉक्टरांना म्हटलं, अप्पांना म्हटलं, तुला म्हटलं. अप्पा मडीच्या वेळी स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकत नसत, त्यांनी तो पाट तिच्या पायाखाली कधी पाहिलाच नव्हता. त्यांनी विश्वास ठेवला. आणि तू? तेराव्याच्या दिवशी, मागच्या दारात, हातपाय धुता धुता तू मला म्हणालास, "अक्का, फरशी कोरडी ठेवायला काय होत होतं तुला?"

त्या दिवसापासून मी तुझ्याशी काही बोलले नाही. तुला वाटत असेल की वर्षश्राद्धाला तू न येता तार पाठवलीस, प्रदर्शन होतं म्हणालास, त्याचा मला राग आहे. तार तर मी वाचून शेगडीत टाकली. राग या एका वाक्याचा आहे. त्याला आता सात वर्षं होतील आणि तो कमी झालेला नाही.

आता अप्पांचं. विमलाबाईंना वाटलं, म्हाताऱ्याला मुलाच्या दिवाळी लेखाची हौस असेल. मी शाळेत असताना त्यांनी तिण्णैवर बसून त्यांना सगळा लेख वाचून दाखवला. मी घरी आले तर अप्पा स्वयंपाकघरात उभे. एक हात ओट्यावर, दुसरा आपल्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणावर.

अम्माचं नाव घेऊन मला म्हणाले, "लक्ष्मी, तुळजेचें डोकें मज इथें लागायचें." बटण धरून दाखवलं. मग ओट्यावरचा हात तसाच ठेवून म्हणाले, "मग तिचा हात इथें कसा पोचला?"

जन्मभर त्यांनी नकाशे काढले, जया. डोळे गेले तरी त्यांचा हात उंची विसरलेला नाही. मी पिंपामागून पाट काढून त्यांच्या हातात दिला. ते तो चाचपत बसले. पितळेच्या फुल्या एकेक करून. "ती पडली ती याच्यावरून?" म्हणाले. मी हो म्हटलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि मुलाने या महिन्यात काय लिहिलं हे त्यानंतर त्यांनी मला विचारलेलं नाही.

तिने तक्रार केली का, असं तुला विचारायचं होतं ना. नाही केली.

महालक्ष्मी


२६ फेब्रुवारी १९६४

जयतीर्थ,

तुझं पत्र येऊन चार आठवडे झाले. या वेळी हाताने लिहिलं आहेस, आणि एकच ओळ. 'मग तू तो ओटा इतकी वर्षं फोडला का नाहीस?'

पहिल्यांदा वाचलं तेव्हा कागद फाडायला घेतला. मग थांबले. तुझ्या सगळ्या लिखाणात हे एक वाक्य कामाचं आहे. त्याचं उत्तर तुझा तिरस्कार करत का होईना, पण खरं देते.

मी झापं बांधली, तिण्णै बांधली, न्हाणीघराचं दार उलट्या बाजूला फिरवलं. या घरात तू केलेल्या एकही गोष्ट मी जशीच्या तशी राहू दिली नाही. एक ओटा सोडून. कारण तो मला बेताचा होता. इतकी वर्षं त्यावर स्वयंपाक केला, माझी पाठ कधी दुखली नाही, खांदा कधी भरून आला नाही. शाळेतल्या बाया कमरेला हात लावून कण्हत असतात आणि मी ताठ उभी असते. रोज सकाळी त्या कडप्प्यावर हात ठेवला की तो बरोबर जिथे हवा तिथे असतो. ज्या दगडाने अम्माला पाटावर चढवलं तो माझ्यासाठी इतका आरामाचा आहे, हे मला रोज कळतं. रोज दोनदा कळतं, सकाळी आणि संध्याकाळी. तुझं काम चांगलं आहे, जया. चुकीच्या बाईसाठी चांगलं आहे. मला ते फोडवत नव्हतं आणि त्याचा राग मी तुझ्यावर काढत होते. निम्मा. उरलेला निम्मा तुझाच आहे, तो तू ठेव.

तुझ्या पाकिटात आणखी एक चिठ्ठी होती. तुला माहीत असेल किंवा नसेल. कुमुदिनीची. तुझ्या लग्नाला मी आले नाही आणि तिने मला आजवर पाहिलेलं नाही, तरी तिने लिहिलं आहे. 'अक्का, तुमची पत्रं ह्यांनी टेबलावर ठेवली होती, मी वाचली, क्षमा करा. आईंचा पाट किती उंच होता? इथल्या ओट्यापाशी मी दोन विटा ठेवल्या आहेत, पण त्या हलतात. ह्यांच्या लक्षात आलेलं नाही.'

तू ही चिठ्ठी आधी वाचली नसशील तर आता वाच. तुझ्याच घरात, पुण्यात, तुझी बायको विटांवर उभी राहून तुला जेवायला घालते आहे, आणि तू आत बसून स्त्रियांना उभं करण्यावर लेख लिहितो आहेस. मला हसू आलं. मग तिच्यासाठी भीती वाटली. ओल्या पायांना वीट पाटापेक्षा वाईट.

चिठ्ठी वाचली त्याच आठवड्यात मी राममूर्ती मेस्त्रीला पुन्हा बोलावलं. त्याला सांगितलं, वरचा कडप्पा न फोडता उचल, खालच्या विटा काप आणि कडप्पा परत बसव. त्याने विचारलं, "एव्वळवु?" किती कापायचं. माझ्याकडे आकडा नव्हता. अम्माचं माप कुणी घेतलेलंच नव्हतं. मी आत जाऊन पाट आणला आणि अम्मा त्यावर उभी राहायची तसाच आडवा, विटांच्या वरच्या कडेला लावून धरला. म्हटलं, जेवढा हा उंच आहे तेवढं.

त्याने पेन्सिलीने पाटाच्या खालच्या कडेला खूण केली आणि तिथपर्यंत कापलं.

आता मी वाकून स्वयंपाक करते. तीन आठवड्यांत पाठ धरली आहे. रात्री अप्पांची मलमाची डबी मी वापरते आणि ते म्हणतात, "लक्ष्मी, परत उंच करून घे, तुज जमायचें नाहीं." मी नको म्हणते. संध्याकाळी ते काठी टेकत आत येतात, ओट्यावर हात ठेवतात, दुसरा हात बटणावर नेतात, आणि बाहेर तिण्णैवर जाऊन बसतात. मला वाटतं त्यांना ते बरं वाटतं. मलाही पाठ दुखली की थोडं बरं वाटतं, आणि हे मी तुलाच का लिहिते आहे ते मला कळत नाही.

पाट मी रेल्वे पार्सलने पाठवला आहे. तुझ्या नावे नाही, कुमुदिनीच्या नावे. तिला सांगितलं आहे की त्याच्यावर उभं राहायचं नाही. गवंड्याला बोलवायचं, पाट विटांना टेकवायचा, आणि तेवढं कापून घ्यायचं. तिच्या दोन विटा आणि हा पाट साधारण सारखेच भरतील. तू त्या वेळी घरी असलास तर टेप घेऊन तिच्यापुढे उभा राहा आणि तिच्या कोपराखाली चार बोटं मोजून बघ. ती मडी पाळत नाही, तेव्हा या वेळी तुला सबब नाही. मग तोच पाट काखेत मारून त्या वसाहतीत जा. नकाशे मंजूर झाले असतील. विटा अजून कापता येतात.

आणि तुझ्या छायाचित्रकाराला पाठव. डिसेंबरात तो आला नाही, बरंच झालं. डबे काढून ठेवते, ओटा मोकळा करून ठेवते, रेषा दिसेल. फोटोखाली तुला हवं ते छाप. तू लिहिलं होतंस ना, आईच्या देहावरून घेतलेलं माप. आता आहे.

अक्का